चाकांखालचा उजेड

प्रिय धाकट्या,

एकावन्नाव्या वर्षीही मी तुला धाकट्याच म्हणते याचं तुला हसू येईल. डोक्यावर केस राहिलेत की नाही तेसुद्धा मला ठाऊक नाही. पण मी तुझी वहिनी म्हणून या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, कुणाचंही घड्याळ हाती लागलं की उघडून बसायचास आणि परत जोडताना एखादं चाक उरलं की ते गुपचूप माझ्या शिवणाच्या डब्यात टाकायचास. तेव्हापासून दुसरं नाव माझ्या तोंडी बसलंच नाही, आणि आता बसवण्याचं वय राहिलं नाही.

ह्यांना जाऊन चार महिने झाले. तू आला नाहीस. त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि वाईट वाटलं असं लिहायचा मला हक्क नाही. का नाही, ते पुढे येईल. हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं आहे, तेव्हा या खेपेला इकडचंतिकडचं लिहीत लिहीतच तिथवर जाते. तू लहानपणीही माझं बोलणं असंच ऐकायचास, कानस चालवत, मान खाली घालून.

कामाची शेड मी पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला दिली. ह्यांनी शाळेसाठी चाळीस बाकं करायला घेतली होती, त्यातली एकतीस झाली होती. उरलेली नऊ त्याने पुरी केली. चांगली केली आहेत, पण कडा तेवढ्या मऊ नाहीत. हात फिरवला की लगेच कळतं कुठली कुणाची. रंधे आणि पटाश्या तोच वापरतो. घरात आता दोनच खोल्या उघड्या ठेवते. गुडघे जिना चढू देत नाहीत आणि सुईत दोरा ओवायला चार-चारदा प्रयत्न करावा लागतो. दमले आहे रे. झोप काढली की उतरतो तसला शीण नव्हे हा. सकाळी उठते तीच दमलेली.

दर मंगळवारी टपालाचं विमान आमच्या छपरांवरून जातं. पहिल्या वर्षी सगळी गल्ली बाहेर येऊन माना वर करून उभी राहायची. आता दूधवालासुद्धा वर बघत नाही. हे तर पहिल्या दिवसापासूनच बघत नव्हते. आवाज आला की रंधा जिथल्या तिथे थांबायचा, आवाज विरला की पुन्हा चालू. मला वाटायचं, मनात अढी आहे. जे आपल्याला जमलं नाही ते दुसऱ्यांनी केलं, म्हणून. चाळीस वर्षं एका माणसाच्या शेजारी बसून जेवले आणि त्याच्या मनातलं काय काय चुकीचं वाचत राहिले, ते आता एकेक करून कळतंय.

तुला ते दिवस आठवत असतील. शिवणयंत्रं दुरुस्त करून तू घरी यायचास आणि हात न धुताच शेडमध्ये शिरायचास. आधीची ती दोन बिनइंजिनाची उडायची यंत्रं, टेकडीवरून उडी मारायची ती. दुसऱ्या वेळी तू गळपट्टीचं हाड मोडून घेतलंस आणि सहा आठवडे मी तुला चमच्याने भरवलं. तेव्हाही तुझ्या डोक्यात इंजिनच होतं. ओतीव काम तीनदा तडकलं. ओतारी म्हणाला, एवढी पातळ भिंत टिकत नसते. तू त्याच्याच भट्टीपाशी आठ दिवस बसून त्याच्याकडून चौथ्यांदा करवून घेतलंस आणि ती टिकली. मग सुरू झालं वजनाचं वेड. हे लाकडाची साल काढत, तू लोखंडाची. वाण्याचा तराजू महिनाभर आपल्याच घरी होता. मी म्हटलं होतं, असेच कमी करत राहा दोघं, शेवटी तराजूत मीच उरेन आणि मलाच उडावं लागेल. त्यावर तुझे दादा खरोखरीच माझ्याकडे वजन अजमावल्यासारखं बघायला लागले, तेव्हा तू पोट धरधरून हसलास. बसणार तू होतास, कारण तू अकरा शेर हलका. शेवटचा महिनाभर तू ताटात वाढून घेतलंस की ह्यांचे डोळे त्या घासांमागून जायचे.

पंख माझे होते. बेचाळीस वार मांजरपाट. प्रत्येक पट्टीला दुहेरी दुमड, मग खळ लावून ताणायचं, वाळलं की बोटाने टिचकी मारून बघायची. डफासारखा आवाज यायला हवा, असं ते मास्तर लिहायचे. मास्तर तुला आठवतातच. त्यांना आपण कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या गावात शाळेत गणित शिकवायचे आणि सुटीत यंत्र बांधायचे. पंखाला किती बाक द्यावा यावर ह्यांचा आणि त्यांचा चार वर्षं पत्रव्यवहार चालला. ह्यांनी आयुष्यात मला एक पत्र लिहिलं नाही, पण मास्तरांना आठ-आठ पानं लिहायचे. ते पडून गेले हे आपल्याला वर्तमानपत्रातूनच कळलं. तू दोन दिवस शेडमध्ये आला नाहीस. हे म्हणाले की त्यांच्या पंखाचा बाक जास्त होता, आपला तसा नाही, आणि कामाला लागले. तुम्हा दोघांना जे ठाऊक नव्हतं ते असं, की त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तरांच्या बायकोचं पत्र आलं.

ह्यांनी पाठवलेली चित्रं तिने परत पाठवली होती. त्या गठ्ठ्यात एक वेगळा कागद होता, वर लिहिलेलं, घरातल्या बाईसाठी. हे गठ्ठा घेऊन शेडमध्ये गेले, कागद माझ्या हातात राहिला. चारच ओळी. तिने लिहिलं होतं, 'तुमच्याकडेही कापड तुम्हीच शिवत असाल. आमच्याकडे मी शिवायची. वर असताना डाव्या पंखाची शिवण उसवली असं लोक म्हणतात. कुठली शिवण, ते मला कुणी सांगत नाही.'

तो कागद मी चुलीत घातला. पण ओळी कुठे जळतात. आपल्या चाचणीला तेव्हा वीस दिवस होते. मी पंख परत उतरवून घेतले, आठवतं? म्हटलं, खळ नीट बसलेली नाही. खोटं होतं ते. मी प्रत्येक शिवण उसवून पुन्हा घातली, आणि पुन्हा घातली की वाटायचं, आधीचीच बरी होती. रस्त्याने चालताना तुझ्या सदऱ्याची शिवण दिसली तरी मी तिचे टाके मोजायला लागायचे. ह्यांना मी दोनदा म्हटलं, थोडं थांबू या. हे म्हणाले, गिरणीमालक त्या दिवशी येणार आहे, वर्तमानपत्रवाला येणार आहे, एकदा का त्याने पाहिलं की मोठी शेड मिळेल, माणसं मिळतील. तुलाही म्हटलं. तू माझ्या खांद्यावर तेलकट हात ठेवलास आणि म्हणालास, "वहिनी, शिवण तुझी, इंजिन माझं, मधे दादाची लाकडं. यातलं मोडणार काय?"

आता मैदान. वीटभट्टीच्या पलीकडची ती सपाट जागा. सकाळी गाडीवरून सगळं नेलं, जोडलं, तारा ताणल्या. टाकी तू स्वतः भरलीस, चामड्याच्या फडक्यातून गाळून. मला तूच शिकवलं होतंस की पेट्रोलमध्ये चार थेंब जरी पाणी गेलं तरी इंजिन गुदमरतं, म्हणून फडकं. मग तुम्ही दोघं धावपट्टीतले दगड वेचायला पार त्या टोकाला गेलात. पंख जिथे मधल्या सांगाड्याला मिळतात तिथलं कापड जोडल्यावरच शिवावं लागायचं, म्हणून मी यंत्रापाशी राहिले. शेवटचा टाका घातला, दोरा तोडला. प्यायच्या पाण्याची कळशी सावलीला ठेवलेली होती. तुमचं नरसाळं टाकीवरच होतं, फडकं काढून ठेवलेलं.

मी तांब्याभर पाणी ओतलं, धाकट्या. काही ठरवून गेले नव्हते. पण हात थरथरला आणि सांडलं, असंही नाही. नीट ओतलं, नरसाळं पुसून होतं तिथे ठेवलं, झाकण फिरवलं. मला वाटलं, इंजिन सुरूच होणार नाही. लोक वैतागून घरी जातील, तुम्ही दोघं चिडाल, आठ दिवस खटपट कराल, तेवढ्यात पावसाळा लागेल आणि वर्ष जाईल. एक वर्ष मिळालं तर तेवढंच हवं होतं मला. त्यापुढचा विचार केला नव्हता.

मग सगळे जमले. गिरणीमालक मोटारीतून उतरलाच नाही, काच खाली करून बसला. तू माझ्यापुढे येऊन उभा राहिलास, कारण कोटाचं वरचं बटण तुला लागत नव्हतं. मी ते लावलं. तेव्हा बोलता आलं असतं. तुझी हनुवटी माझ्या बोटांपासून दोन इंचांवर होती आणि तू हसत होतास. मी बटण लावलं आणि बाजूला झाले.

ह्यांनी इंजिनापुढचा पंखा हाताने फिरवला आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. त्या क्षणी मला काय झालं ते मी कुणाला सांगू शकले नाही आजवर. नळीत होतं नव्हतं तेवढं चांगलं पेट्रोल त्याला मिळालं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की ते सुरू झालं आहे, तू वर बसला आहेस आणि टाकीत पाणी आहे. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला असला तर त्या इंजिनापुढे मलाही ऐकू आला नाही. यंत्र धावायला लागलं, आणि मग मला चाकांखाली उजेड दिसला. गवत आणि चाक यांच्यामध्ये उजेडाची पट्टी. आधी हातभर, मग कंबरभर. तीस-पस्तीस पावलं तू जमिनीवर नव्हतास. मी मोजली नाहीत, नंतर त्या वर्तमानपत्रवाल्याने मोजली. मग दोनदा खोकल्यासारखा आवाज झाला आणि यंत्र नाकावर आलं.

मी धावत आले तेव्हा तू उठून बसला होतास, कपाळातून रक्त येत होतं आणि तू विचारत होतास की किती वर गेलं. मी तुझं कपाळ दाबून धरलं होतं, पण तेव्हा बघत होते भलतीकडेच. डावा पंख मोडला होता, लाकूड चिरफळलं होतं, तारा तुटून लोंबत होत्या. माझा एकही टाका उसवला नव्हता. एकसुद्धा नाही.

पुढचं तुला माझ्याहून जास्त पाठ असेल. मोटारीची काच वर गेली. लोक हसले. आणि तुझे दादा, ज्यांनी तुला कधी मोठ्या आवाजात हाक मारली नव्हती, ते सगळ्यांदेखत म्हणाले, "लाकूड माझं धड होतं. तुझ्या इंजिनानं माती केली." तू इंजिन खोलून बघतो म्हणालास, तर, "हात लावू नकोस त्याला." तू कपाळाला माझं फडकं तसंच धरून घरी आलास, हत्यारांची पेटी उचललीस आणि दुपारच्या गाडीने गेलास. फडकं तू परत पाठवलंस, धुऊन, इस्त्री करून. सोबत चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या दिवशी छापून आलं की इंजिनाने ऐन वेळी दगा दिला. त्या वर्षाच्या आतच कुठेतरी दुसरं कुणीतरी उडालं, आणि आपल्याला कुणी विचारायचं कारण उरलं नाही.

मी बोलले नाही. आज बोलेन, तुझा पत्ता कळला की लिहीन, ह्यांचा राग उतरला की सांगेन. मग तू पंपघरात लागल्याचं कळलं आणि मी मनाला समजावलं की बरं झालं, जमिनीवरचं काम आहे, सुखरूप आहे. जिवंत आहेस ना, असं स्वतःला म्हणत मी सत्तावीस वर्षं काढली. ते खरंही होतं. पण खरं असूनही त्याने कधी पोट भरलं नाही. तू पुढे स्वतःचं एकही इंजिन केलं नाहीस, हे मी लोकांकडून ऐकत होते. पंप बसवतोस, पंप दुरुस्त करतोस. मुकादमही म्हणे तुझ्या हाताची तारीफ करतो. तू लग्न केलंस, तुला मुलगी झाली, ते मला पोस्टमनच्या बहिणीकडून कळलं.

ह्यांच्या छातीत लाकडाचा भुसा साठला होता, असं डॉक्टर म्हणाले. शेवटचे तीन महिने खिडकीपाशी बसून होते. एका दुपारी मी उशीचा अभ्रा बदलत होते, तेव्हा हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी टाकीत पाणी होतं." मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. तू गेल्यावर संध्याकाळच्या आत त्यांनी टाकी सोडवली, काचेच्या बरणीत ओतून घेतली. खाली पाणी, वर पेट्रोल. पेट्रोल तू त्यांच्यादेखत गाळलं होतंस आणि नंतर यंत्रापाशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांना पत्ता लागायला दोन मिनिटंही लागली नसतील.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाले, "त्याला परत आणायचं तर तुझं नाव सांगावं लागणार. त्याला आई आठवत नाही. तूच आहेस." तू गेल्यावर आठ महिन्यांनी हे तुझ्या गावी आले होते, तुला ठाऊक नाही. मला सांगितलं होतं की लाकूड बघायला जातो. पंपघराच्या फाटकापाशी उभे राहिले. तू आत वाकून तेल घालत होतास. बराच वेळ बघितलं आणि परतीची गाडी धरली. मी म्हटलं, निदान दुसरं यंत्र तरी करायचं होतं, इंजिन विकत मिळायला लागली होती. हे म्हणाले, "पुन्हा तुलाच शिवायला सांगावं लागलं असतं."

मला रडू आलं नाही. खरं सांगू, राग आला. हा माणूस मला जपत होता आणि मी त्याच्यापासून लपवत होते, दोघं एकाच घरात एकच गोष्ट दोन टोकांनी धरून, आणि तिचा भार सगळा तुझ्या खांद्यावर. मी तेवढं बोलले. हे म्हणाले, "हो. त्याचं आपण वाईट केलं." त्यानंतर सतरा दिवस होते. त्यात आम्ही पूर्वी कधी बोललो नव्हतो इतकं बोललो, बहुतेक तुझ्याबद्दलच. तुला बोलावू का, म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, उद्या. जाण्याची घाई त्यांनी केली की बोलावण्याचा उशीर मी केला, ते आता कुणाला विचारू?

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या महिन्यात तुझ्या चार ओळी आल्या. दादा गेल्याचं दुःख झालं, रजा मिळाली नाही, प्रकृती सांभाळा. आणि शेवटी तू लिहिलंस, 'दादाचं आयुष्य माझ्या इंजिनापायी वाया गेलं. तेवढं माफ करा.' मला तू कधी अहो-जाहो केलं नव्हतंस, ते एक. पण त्या ओळीबरोबर मला एक दिवसही काढता येईना. नुसतं लिहून तू माझ्यावर विश्वास ठेवशील असंही वाटेना, वहिनी समजूत घालते आहे म्हणशील. म्हणून मी शेडच्या मागल्या खोलीत गेले. तुझं इंजिन तिथेच आहे, गोणपाटाखाली. मला वाटलं होतं गंजाचा गोळा सापडेल. त्याला ओलं तेल होतं, धाकट्या. कुणी दर वर्षी लावत होतं ते तुला सांगायला नको. मी मोटारी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने नळ्या बदलल्या, ठिणगी पाडणारे प्लग नवे घातले, आणि आत त्याला काही हात लावण्यासारखं सापडलं नाही. म्हणाला, हे कुणी केलं त्याला भेटायला आवडेल. जड घडवंचीवर बांधलं. पेट्रोल मी स्वतः गाळलं, चामड्याच्या फडक्यातून, दोनदा. काल सकाळी दहा वाजता त्याने ते सुरू केलं. पलीकडचा सुतार बाकावरून उठून आला, गल्लीतली माणसं दारात आली. मी खुर्ची टाकून समोर बसून होते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. माफी तू मागू नकोस, आणि मीही तुझ्याकडे मागत नाही. तू ये किंवा येऊ नकोस, इंजिन घेऊन जा किंवा राहू दे. पण हे एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं तुला कळलं पाहिजे. बावन्न मिनिटं चाललं ते. एकदाही अडखळलं नाही. पेट्रोल संपलं म्हणून थांबलं.

तू म्हणशील तर तुझीच, नाही तर नुसती,
वहिनी